नावाआधीचा कागद

महाराष्ट्रातल्या कुठल्याही सत्र न्यायालयात जा आणि खुनाच्या खटल्याचं दोषारोपपत्र वाचायला घ्या. एक वाक्य त्यात हमखास भेटतं: 'माझ्यासोबत चला, मी हत्यार लपवून ठेवलेली जागा दाखवतो.' आरोपी नागपूरचा असो की सावंतवाडीचा, अंगठाबहाद्दर असो की इंजिनिअर, सगळे याच शब्दांत बोलतात. त्याआधी 'गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी' मिळालेली असते. मग दोन पंच सरकारी जीपमध्ये बसतात, आरोपी सांगेल त्या दिशेने जीप जाते, एका बाभळीपाशी तो थांबायला सांगतो आणि वाळल्या पाचटाखालून कोयता काढून देतो. कोयता कागदात गुंडाळायचा, दोऱ्याने बांधायचा, पंचांच्या सहीची चिठ्ठी चिकटवायची, वर लाखेचं सील. शेवटची ओळही ठरलेली: 'येणेप्रमाणे पंचनामा आमचे समक्ष लिहिला, तो बरोबर आहे.'

'माझ्यासोबत चला' या वाक्याचा उगम कायद्यात आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. 1872 चा पुरावा कायदा करणाऱ्या इंग्रजांचाही आपण नेमलेल्या पोलिसांवर तेवढा भरवसा नव्हता. पण त्याच कायद्याच्या 27 व्या कलमाने एक दिंडीदरवाजा ठेवला. ताब्यातल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूपुरती ती माहिती ग्राह्य धरायची. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि हा दरवाजा 23 व्या कलमात गेला, एवढाच फरक. कबुलीचा राजमार्ग बंद असल्यामुळे दीडशे वर्षं सगळी रहदारी या दिंडीतूनच चालली आहे.

असे सगळे पंचनामे खोटे असतात, असं मुळीच नाही. कित्येक खरे असतात, आणि त्यांच्यामुळेच कित्येक खुनी आत गेले आहेत. मला त्यातली वेगळीच गोष्ट खुणावते. हा कागद लिहिला जातो तेव्हा आरोपीचं नाव ठरलेलं असतं. आधी नाव, मग कागद. तपासाच्या फाइलमध्ये दुसऱ्या जातीचेही कागद असतात, नाव माहीत नसताना लिहिलेले. बाड तेच, सह्या-शिक्के तेच, पण या दोन प्रकारच्या कागदांच्या वजनात जमीन-अस्मानाचा फरक असतो. या प्रकरणात तो फरक पाहायचा आहे.

नावाआधीचे कागद कोणते? सगळ्यात पहिला म्हणजे फिर्याद. ठाणे अंमलदार ती लिहून घेतो, गुन्हा रजिस्टर नंबर पडतो. अनेकदा त्यात 'अज्ञात इसमां'विरुद्ध एवढंच असतं. मग घटनास्थळाचा पंचनामा: दाराची कडी आतून होती की बाहेरून, रक्ताचा डाग चुलीपासून किती फुटांवर, कंदील विझलेला की जळता. मग प्रेताचा इन्क्वेस्ट पंचनामा. मग स्टेशन डायरीतल्या नोंदी. एफआयआरची प्रत दंडाधिकाऱ्याकडे विनाविलंब गेली पाहिजे, असा कायद्याचा दंडक आहे. वकील मंडळी त्या प्रतीवरची दंडाधिकाऱ्याच्या सहीची वेळ का शोधत बसतात, ते यावरून कळेल. ठाण्याबाहेर, तिसऱ्या माणसाच्या हाती कागद पडला की त्यात मागाहून नाव घुसवता येत नाही.

तपासी अंमलदाराला केस डायरीही रोज लिहावी लागते. किती वाजता निघालो, कुठे गेलो, काय कळलं. फौजदारी प्रक्रिया संहितेत 2008 साली दुरुस्ती झाली तेव्हा ही डायरी बांधीव वहीची असावी आणि तिच्या पानांवर क्रमांक असावेत, असं कायद्यात घालावं लागलं. वाणीसुद्धा उधारीची वही सुट्या पानांवर लिहीत नाही. खुनाच्या तपासाला मात्र ही अट घालायला एकविसावं शतक उजाडलं.

आता अंमलदाराच्या खुर्चीत बसून पाहू. गावात खून झालाय, वर्तमानपत्रात फोटो आलाय, आमदाराचा फोन येऊन गेलाय. वरून विचारणा एकच, 'गुन्हा उघड झाला का?' हाताखाली चार माणसं, त्यातली दोन गणपतीच्या बंदोबस्ताला. आरोपी अटक केला की घड्याळ सुरू होतं: मोठ्या गुन्ह्यात 90 दिवसांत, बाकीच्यांत 60 दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर आरोपी हक्काने जामिनावर सुटतो. अशा वेळी ठाण्याच्या गुन्हे शोध (डीबी) पथकाने कुणाला तरी उचलून आणलं आणि 'साहेब, हाच आहे' म्हटलं, की छातीवरचा दगड उतरतो. त्याच क्षणी प्रश्न बदलतो. सकाळपर्यंत प्रश्न होता, कोणी केलं. संध्याकाळी तो होतो, याच्याविरुद्ध काय मिळेल. त्यात कुणी लाच खाल्लेली नसते, कुणी खोटं बोललेलं नसतं. पण त्या संध्याकाळनंतर आलेली प्रत्येक गोष्ट एकाच गाळणीतून जाते. जुळणारी ठेवायची, न जुळणारीला 'संबंध नाही' म्हणायचं. मानसशास्त्रज्ञ याला पुष्टीचा पूर्वग्रह म्हणतात. आपल्याकडे काविळीची म्हण आहेच.

नाशिकचा एक खटला या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे. 5 जून 2003 च्या रात्री नाशिकजवळ शेतात झोपडी करून राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांना मारलं गेलं, आईवर आणि अल्पवयीन मुलीवर बलात्कार झाला. मुलगी मेलेल्यांत होती. आई आणि एक मुलगा तेवढे वाचले. पुढे सहा जण पकडले गेले. सगळे भटक्या जमातीचे, मजुरी करणारे. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. 2007 मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप केली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीच्या रांगेत उभं केलं. आणि 5 मार्च 2019 रोजी, फेरविचारात, त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जण निर्दोष ठरवले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली आणि तपास करणाऱ्यांवर कारवाईचे आदेश दिले. तोवर जवळजवळ सोळा वर्षं तुरुंगात गेली होती. सहापैकी एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

निकाल फिरवणारा कागद फाइलमध्ये पहिल्यापासून होता. घटनेनंतर थोड्याच दिवसांत त्या जखमी आईला पोलिसांनी सराईत गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता. तिने त्यातल्या चार जणांवर बोट ठेवलं. ते चौघे या सहांतले नव्हते. पुढे त्या चौघांना ना अटक झाली, ना त्यांच्यावर खटला चालला. त्यांना का सोडलं, याचा खुलासाही नाही. हा तपशील कोर्टांच्या नजरेआडच राहिला. मग ओळख परेडमध्ये आणि कोर्टात त्याच बाईने समोर उभ्या केलेल्या या सहांना ओळखलं.

ती खोटं बोलली, असं मला एक क्षणही वाटत नाही. डोळ्यांदेखत पोटचं लेकरू गेलेली बाई कशाला खोटं बोलेल? पण आठवण ही काही तिजोरीतली वस्तू नव्हे, की ठेवली तशी काढून पाहिली. ती ओल्या मातीसारखी असते, प्रत्येक हाताळणीत नवा ठसा घेते. अल्बममधले चेहरे तिने पाहिले तेव्हा तिच्यापुढे फक्त ती रात्र होती. परेडच्या वेळी मात्र पोलिसांनी माणसं पकडली आहेत, हे सगळ्या गावाला ठाऊक झालेलं असतं. रांगेत कुणीतरी 'तो' असणारच, हे धरूनच साक्षीदार उभा राहतो आणि त्यातल्या त्यात जवळचा चेहरा निवडतो. म्हणून परेडमध्ये पोलिसांनी थांबू नये, आरोपीच्या वयाचे आणि बांध्याचे डमी उभे करावेत, परेडआधी आरोपीचा चेहरा झाकून न्यावा, असे नियम आहेत. बुरखा घातलेल्या आरोपींचे फोटो आपण पेपरात पाहतो, ते त्यासाठी. अर्थात चॅनेलवाल्यांकडे आधीच फोटो पोचलेला असेल, तर तो बुरखा कशासाठी, देव जाणे.

आता मोठा प्रश्न. चार फोटो बाजूला पडले आणि हेच सहा का धरले? सर्वोच्च न्यायालयाने निकालात आरोपी भटक्या जमातीचे, अत्यंत गरीब मजूर असल्याचं नमूद करून त्यांना गोवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असं म्हटलं. महाराष्ट्रात याला जुना इतिहास आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने एकेक अख्खी जमात जन्मजात गुन्हेगार ठरवली. पुढे हा कायदा मुंबई इलाख्यातही आला. हजेऱ्या आल्या, सोलापूरची तारेच्या कुंपणाची सेटलमेंट आली. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा रद्द झाला, आणि तो दिवस आजही पालांवर विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. कायदा गेला, पण ठाण्यातली सवय गेली नाही. दरोडा पडला की गाडी आधी पारध्यांच्या पालावर. ज्यांच्या दारात पोलीस वारंवार जातात त्यांचीच नावं रेकॉर्डवर चढतात, आणि रेकॉर्डवर नाव आहे म्हणून पुढच्या वेळी पोलीस पुन्हा त्याच दारात. बैल घाण्याला जुंपावा तसं हे चालतं. ज्या घरांवर कधी धाड पडतच नाही, त्यांची पाटी अर्थातच कोरी राहते.

हे केवळ पालांपुरतं आहे असंही नाही. कॉमन कॉज आणि लोकनीती या संस्थांनी 2019 साली 21 राज्यांतल्या सुमारे 12 हजार पोलिसांशी बोलून एक अहवाल काढला. मुसलमान स्वभावतःच गुन्ह्याकडे झुकलेले असतात असं कमी-अधिक प्रमाणात मानणारे पोलीस त्यात निम्म्याच्या आसपास निघाले. यातल्या प्रत्येकाने उद्या कुणाला गोवलं, असं म्हणता येणार नाही. पण हाताखाली तीन संशयित असतील, वेळ कमी असेल, आणि कुणाला आधी उचलायचं हे ठरवायचं असेल, तेव्हा या समजुतीचं पारडं कुठे झुकणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

कुणी म्हणेल, हे सगळं माणसांच्या जबाबांचं झालं. शास्त्रीय पुरावा तर पक्षपात करत नाही ना? त्यासाठी माद्रिदला जाऊ.

11 मार्च 2004 रोजी माद्रिदच्या लोकल गाड्यांत बॉम्ब फुटले, 191 माणसं मेली. एका स्टेशनाजवळ उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये स्फोटकांच्या डिटोनेटरची निळी प्लास्टिकची पिशवी सापडली. पिशवीवर बोटाचा अर्धवट ठसा होता. स्पेनने तो जगभर पाठवला. अमेरिकेच्या एफबीआयच्या संगणकाने त्याच्याशी मिळतेजुळते वीस ठसे काढून दिले. यादीतला चौथा होता ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलँडच्या एका वकिलाचा, पूर्वी लष्करात असलेल्या. एफबीआयच्या एका तज्ज्ञाने म्हटलं, जुळतो. दुसऱ्याने तपासलं, जुळतो. तिसऱ्याने, जुळतो. शंभर टक्के खात्री. पुढे कोर्टाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही तेच सांगितलं.

स्पेनच्या पोलिसांनी मात्र 13 एप्रिललाच कळवलं होतं, आमच्या मते जुळत नाही. एफबीआयने आपलाच हेका चालू ठेवला. दरम्यान कळलं होतं, की हा वकील धर्मांतर करून मुसलमान झालाय, बायको इजिप्तची आहे, आणि दहशतवादाच्या खटल्यातल्या एका आरोपीचं मुलाच्या ताब्याचं प्रकरण त्याने चालवलं होतं. तो कित्येक वर्षांत देशाबाहेर गेल्याची नोंदच नव्हती. साध्या माणसाच्या लेखी हा निर्दोषपणाचा पुरावा. तपास करणाऱ्यांनी त्याचाही अर्थ लावला: म्हणजे खोट्या नावाने गेला असणार! एकदा नाव ठरलं, की पुरावा नसणं हाही पुरावाच होतो. 6 मे रोजी त्याला ताब्यात घेतलं. 19 मे रोजी स्पेनने जाहीर केलं, की ठसा एका अल्जेरियन माणसाचा आहे. दुसऱ्या दिवशी वकील सुटला. अमेरिकन सरकारने माफी मागितली आणि पुढे 20 लाख डॉलर दिले.

या चुकीची चौकशी अमेरिकेच्या न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी केली. त्यातला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. तज्ज्ञांनी पहिल्यांदा ठसा पाहिला तेव्हा वकिलाचा धर्म त्यांना माहीतच नव्हता. चूक सुरू झाली ती निव्वळ दोन ठशांतल्या विलक्षण साम्यामुळे. काही खुणा जुळल्या. मग मात्र त्यांनी वकिलाचा स्वच्छ ठसा समोर ठेवून, त्यात दिसणाऱ्या खुणा पिशवीवरच्या अंधूक ठशात शोधायला घेतल्या. अंधूक ठशात शोधणाऱ्याला काय सापडत नाही? आभाळातल्या ढगात गणपती दिसतोच, आधी कुणीतरी 'तो बघ गणपती' म्हटलेलं असेल तर. धर्म आला तो नंतर, स्पेनचा नकार आल्यावर. आपला निष्कर्ष पुन्हा तपासून पाहण्याची निकड तेव्हा जी वाटायला हवी होती ती वाटली नाही, त्यात धर्माचा वाटा असावा, असं अहवालात आहे. म्हणजे पूर्वग्रहाने दार उघडलं नव्हतं. उघडलेलं दार बंद होऊ दिलं नाही.

या प्रकरणावरून इटिएल ड्रोर या शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर एक खोडकर प्रयोग केला. 2006 साली तो प्रसिद्ध झाला. ठशांचे पाच अनुभवी तज्ज्ञ निवडले. प्रत्येकाला ठशांची एकेक जोडी दिली आणि सांगितलं, ही ती माद्रिदची चुकलेली जोडी, बघा बरं तुम्हाला काय वाटतं. खरं तर प्रत्येकाच्या हातात त्याने स्वतःच काही वर्षांपूर्वी 'जुळते' म्हणून कोर्टासाठी ठरवलेली जोडी होती. पाचांपैकी तिघांनी आता ती 'जुळत नाही' म्हटलं, एकाने 'सांगता येत नाही' म्हटलं. आपल्या जुन्या मतावर एकच जण टिकला. ठसे तेच, डोळे तेच. बदललं होतं फक्त आधी कानावर पडलेलं वाक्य. ठशांच्या शास्त्राची पहिली कचेरी 1897 साली आपल्या कलकत्त्यात उघडली; सव्वाशे वर्षांच्या या भक्कम शास्त्राची ही गत, तर हस्ताक्षर, बुटाचा माग, सीसीटीव्हीतली धूसर आकृती यांची काय असेल?

डीएनएचंही एक उदाहरण द्यायलाच हवं, कारण त्यात वेगळाच धडा आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या सुमारे चाळीस गुन्ह्यांत एकाच अज्ञात बाईचा डीएनए मिळत गेला: चोऱ्या, घरफोड्या, खून. 25 एप्रिल 2007 ला जर्मनीतल्या हाइलब्रॉन शहरात एका तरुण महिला पोलिसाला गोळी घालून मारलं, तिथेही तीच. बक्षीस तीन लाख युरोंवर गेलं. मार्च 2009 मध्ये उलगडा झाला: ती बाई नमुने घ्यायच्या कापसाच्या काड्यांच्या कारखान्यात कामाला होती. काड्या निर्जंतुक होत्या, पण डीएनएमुक्त नव्हत्या. जिथे दुसऱ्या पुरवठादाराच्या काड्या वापरत, त्या जर्मनीच्याच बव्हेरिया राज्यात ही 'गुन्हेगार' कधी फिरकली नव्हती! आणि ती सापडत नव्हती तोवर हाइलब्रॉनच्या तपासात संशयाची सुई कुणाकडे वळली? जत्रेच्या मैदानावर आलेल्या सिंती आणि रोमा लोकांकडे. म्हणजे तिथल्या भटक्यांकडेच. 2011 मध्ये त्या महिला पोलिसाचं पिस्तूल नवनाझी टोळीच्या गाडीत सापडलं. याच टोळीने त्याआधी नऊ स्थलांतरितांना मारलं होतं आणि त्या खुनांचा संशय पोलीस वर्षानुवर्षं मृतांच्याच घरच्यांवर आणि जातभाईंवर घेत राहिले होते.

यावर उतारा काय? सद्बुद्धीची प्रवचनं पोलिसांना पुष्कळ देऊन झाली आहेत. मला भरवसा वाटतो तो क्रमावर. एफबीआयने माद्रिदनंतर ठसे तपासायची पद्धत बदलली. तज्ज्ञाने आधी गुन्ह्याच्या जागचा ठसा एकटाच पाहायचा, त्यातल्या खुणा लिहून काढायच्या, आणि मगच संशयिताचा ठसा उघडायचा. नंतर काही नवीन दिसलं तर ते 'नंतर दिसलं' म्हणून वेगळं नोंदवायचं. परेडचंही तसंच. ती घेणाऱ्यालाच संशयित कोण हे ठाऊक नसेल, तर त्याच्या डोळ्यांतून, खोकल्यातून किंवा 'नीट बघा' म्हणण्यातून साक्षीदाराला काहीच कळणार नाही. साक्षीदार किती खात्रीने बोलला, तेही तिथेच, त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यायचं. कोर्टात चार वर्षांनी येणारी खात्री उसनी असू शकते. आपल्या प्रयोगशाळांकडे मुद्देमालासोबत गुन्ह्याची हकीकत आणि आरोपीचं नाव सांगणारं पत्र जातं, ते किती जणांनी वाचायचं आणि कधी, हा यातलाच प्रश्न.

1 जुलै 2024 पासून आपल्याकडे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी जागेवर जायचं, असाही नियम आला. त्याच्या अंमलासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. पंचनामा आता मोबाइलवर दिसतो. जिल्ह्याच्या पंचांची ठरलेली जोडी, वर्षानुवर्षं तेच दोघे, तेच 'आमचे समक्ष', यांचा सुळसुळाट त्याने कमी होईल अशी मला खरोखरच आशा आहे. कोयता पाचटाखालून निघताना दिसेल, सील लागताना दिसेल. तारीख, वेळ, ठिकाण आपोआप पडेल.

फक्त मोबाइलचं ते बटण दाबायचं कधी, हे अंमलदार ठरवतो. चित्रीकरण सुरू होतं तेव्हा बाभळीपाशी जीप थांबलेली असते, पंच खाली उतरलेले असतात, आणि आरोपी आधीपासूनच मागच्या सीटवर बसलेला असतो.